छतावर सोलर, खाली फुसफुस: बोर्ड बनवणाऱ्यांनो, या चुका टाळा

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा. छत्रपती संभाजीनगरच्या या तीन एमआयडीसींत गाड्यांचे कंट्रोलर, एलईडीचे ड्रायव्हर असले सर्किट बोर्ड असेंबल करणाऱ्या छोट्या युनिटांच्या कॉम्प्रेसर रूममध्ये, म्हणजे मशीनना दाबाची हवा पुरवणाऱ्या यंत्राच्या खोलीत, माझं निम्मं आयुष्य गेलं. हल्ली मोठ्या गिऱ्हाइकाकडून यांना एक फॉर्म येतो: तुमचं कार्बन उत्सर्जन किती, आणि ते कमी कसं करणार? फॉर्म आला की मालक मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सोलर किती किलोवॉटचं टाकू?"

मी उलट विचारतो, "रविवारी कारखाना बंद असताना तुमचा कॉम्प्रेसर काय करतो?" पलीकडून सहसा काही आवाज येत नाही.

हवेची गळती तशीच ठेवून सोलर टाकणं

वाळूजच्या एका युनिटमध्ये 50 किलोवॉटचं सोलर बसलं. फीत कापली, पेढे वाटले, फोटो गिऱ्हाइकाला गेला. वर्षभरानं मला बोलावलं, कारण बिल म्हणावं तसं उतरलं नव्हतं. मी मुद्दाम रविवारी सकाळी गेलो. लाइन बंद, माणूस नाही, आणि मागे 30 एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर दणक्यात लोड घेतोय. वॉचमनमामांना विचारलं तर म्हणाले, "ते तर रात्रभर असंच वाजायलंय साहेब. मला वाटलं वाजावंच लागतंय त्याला."

मोबाईलवर वेळ लावली. दोन मिनिटं लोड, म्हणजे हवा भरणं; तीन मिनिटं अनलोड, म्हणजे नुसतं फिरणं. कुणीच हवा वापरत नसताना पाचातली दोन मिनिटं मशीन हवा भरत असेल, तर 40 टक्के हवा गळतेय. त्याला दुसरा अर्थ नाही. 30 एचपी म्हणजे 22 किलोवॉट, त्याचे 40 टक्के म्हणजे जवळपास 9 किलोवॉट. कॉम्प्रेसर वर्षाला 8,000 तास चालायचा, म्हणजे 70,000 युनिटं. आता सोलरचं बघा: आपल्याकडे एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिटं धरतात. 50 किलोवॉटचे वर्षाला 73,000. छतावर जेवढं पिकत होतं, जवळपास तेवढंच खाली भोकांतून जात होतं.

भोकं कुठे होती? बोर्डवर पार्ट बसवणाऱ्या पिक-अँड-प्लेस मशीनमागच्या हवेच्या जोडात (क्विक कपलर), कडक झालेल्या प्लॅस्टिकच्या पीयू ट्यूबमध्ये, हवा गाळून दाब ठरवणाऱ्या एफआरएलच्या ड्रेनमध्ये, आणि हवेच्या टाकीचं (रिसीव्हर) पाणी आपोआप सोडणारा ऑटो-ड्रेन तर उघडाच अडकलेला. एकच मोठं भोक नसतं, म्हणून कुणाला दिसत नाही. सात बारला तीन मिलिमीटरचं एक छिद्र तीनेक किलोवॉट खातं.

गळतीचा कानाला न ऐकू येणारा आवाज पकडणारा अल्ट्रासॉनिक डिटेक्टर चांगली वस्तू आहे, पण माझी सवय जुनी. सुट्टीच्या दिवशी जायचं, पंखे बंद करायचे, कान लावायचा, साबणाचं पाणी आणि रंगाचा ब्रश घेऊन फिरायचं आणि बुडबुडा आला की लाल चिंधी बांधायची. चिंधी दुरुस्ती होईपर्यंत कुणी सोडायची नाही. त्या युनिटमध्ये सव्वीस चिंध्या लागल्या. मालकांना लाज वाटली, आणि तेच हवं होतं.

प्रेशरही बघा. पिक-अँड-प्लेस मशीनला साधारण पाच बार लागतात, आणि कॉम्प्रेसर आठवर लावलेला, "असू दे, बरं असतं" म्हणून. एक बार उतरवला की सहा-सात टक्के वीज वाचते. कॉम्प्रेसर पश्चिमेच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोंडू नका. आत जाणारी हवा चार अंशांनी तापली की एक टक्का जास्त वीज लागते, आणि आपला मे महिना कसा असतो ते मी सांगायला नको.

एसीत "गॅस मारणं"

याच्यावर माझा खरा राग आहे. एप्रिल आला की एसएमटी रूमचा, म्हणजे बोर्डवर पार्ट बसवायच्या खोलीचा, मोठा पॅकेज एसी थंड करत नाही. मेकॅनिक येतो, "गॅस कमी झालाय" म्हणतो, भरून जातो. पुढच्या एप्रिलला परत तेच. अहो, एसीतला गॅस म्हणजे डिझेल नाही, तो जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे हवेत गेला.

चिकलठाण्यातल्या एका ठिकाणी मी रजिस्टर चाळलं. आर-22 हा एसीतला गॅस दर उन्हाळ्यात सहा किलो, तीन वर्षं सलग. एक किलो आर-22 शंभर वर्षांच्या हिशेबानं 1,760 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी हवा तापवतो. सहा किलोचे साडेदहा टन. ग्रिडच्या विजेचे एवढे टन व्हायला 15,000 युनिटं जाळावी लागतात. गळत काय होतं? एक फ्लेअर नट, म्हणजे गॅसचा पाइप जोडणारा नट. त्यावर मेकॅनिकनं मला शिकवलं, "साहेब, उरलेला गॅस उडवून दिला की फ्रेश भरता येतो." त्या दिवशी मी जेवलो नाही.

गंमत म्हणजे त्यांच्या कार्बनच्या तक्त्यात याची ओळच नव्हती. आर-22 हा ओझोन खाणारा, माँट्रियल करारातला वायू. हवामानाच्या क्योटो कराराच्या यादीत तो नाही, म्हणून स्कोप एकच्या, म्हणजे कारखान्यातून थेट होणाऱ्या उत्सर्जनाच्या, बेरजेत धरत नाहीत, वेगळा दाखवतात. नवख्या पोरांनी त्याचा अर्थ काढला, लिहायचाच नाही.

माझा नियम असा: सिलेंडर भरण्याआधी आणि नंतर काट्यावर ठेवायचा, वजन रजिस्टरला. नायट्रोजन भरून गळती सापडेपर्यंत गॅस भरायचा नाही. जुना गॅस रिकव्हरी मशीननं काढायचा. मशीन नसलेल्या मेकॅनिकला चहा पाजून परत पाठवायचं. आणि आर-22च्या मशीनमध्ये स्वस्त पडतो म्हणून आर-32 कोंबू नका. तो पेट घेऊ शकतो आणि त्याचं प्रेशरही जास्त असतं.

रूम 18 अंशांवर ठेवायचीही गरज नाही. बोर्डवर सोल्डर पेस्ट (पार्ट चिकटवणारा डाखाचा लेप) छापायला 22 ते 28 चालतं. उन्हाळ्यात आपली हवा आधीच कोरडी, एसी तिला आणखी सुकवतो, मग स्टॅटिकनं पार्ट मरतात. ओलावा सांभाळा, थंडी नाही.

बाकीच्या चुका, पटापट

रिफ्लो ओव्हन, म्हणजे पेस्ट वितळवून पार्ट डाखणारी भट्टी, जेवणाच्या सुट्टीत पूर्ण तापमानावर रिकामा चालवू नका, स्टँडबायचं बटण त्यासाठीच आहे. छोट्या छोट्या बॅचमध्ये शिसंविरहित आणि शिसंवाला बोर्ड आलटून पालटून लावत बसलात, तर दिवसातला निम्मा वेळ ओव्हनचं तापमान बदलण्यातच जातो.

सबस्टेशनच्या ब्रेकरमध्ये एसएफ-सिक्स हा वायू असेल तर त्याच्या गेजचं रीडिंग घ्या. एक किलो गळाला तर 23,500 किलो कार्बन डायऑक्साइडएवढा.

खराब बोर्ड स्क्रॅपमध्ये टाकताना "तीनशे रुपयांचा तर आहे" म्हणू नका. चिप आपल्या एमआयडीसींत बनत नाही, पण जिथे बनते तिथे एचिंगला (चिपवर नक्षी कोरायला) आणि चेंबर साफ करायला सीएफ-फोर, एनएफ-थ्री असले वायू लागतात. त्यातला सीएफ-फोर हवेत 50,000 वर्षं टिकतो. तो बोजा चिपमध्ये बसून वाळूजला येतो. त्यामुळे पेस्टची छपाई आधी तपासा. आमच्याकडचा बराचसा रिवर्क, म्हणजे बिघडलेल्या बोर्डची दुरुस्ती, तिथूनच उगवतो.

सोलर पॅनल धुवायला टँकर मागवणाऱ्यांनी पहाटे ओल्या मायक्रोफायबरनं पुसून बघावं.

आणि गिऱ्हाइकानं पाठवलेल्या युरोपच्या तक्त्यातला विजेचा आकडा तसाच ठेवू नका. आपल्या ग्रिडला युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा, केंद्रीय विद्युत प्राधिकरण तो दरवर्षी काढतं. एकानं तिकडचा आकडा लावून उत्सर्जन निम्म्याहून खाली दाखवलं. गिऱ्हाइकाच्या ऑडिटरनं पहिल्या दहा मिनिटांत धरलं, आणि मग त्यानं बाकीचं सगळं रजिस्टरही मागवलं.