नाताळच्या आधी रोज लूक

आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या दिवसांत, रोज काय वाचायचं ते ठरत नसेल तर सरळ बायबलमधलं संत लूकचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचं पुस्तक) घ्या, २४ अध्याय आहेत, १ डिसेंबरला सुरू केलं की २४ ला बरोबर संपतं. पहिलाच अध्याय ८० ओव्यांचा आहे, तो बघून घाबरू नका, अर्धा सकाळी अर्धा रात्री रोझरीनंतर (जपमाळेच्या प्रार्थनेनंतर) वाचला तरी चालतं. शेवटी ऐन नाताळच्या तोंडावर येशूचं दुःखसहन, म्हणजे त्याचा छळ आणि क्रुसावरचं मरण, येतं, थोडं विचित्र वाटतं खरं, पण मला तेच आवडतं. एखादा दिवस चुकला तर दोन अध्याय एकदम कोंबू नका, ज्या दिवशी वाचताय त्या तारखेचाच उघडा. आणि वाचून झाल्यावर लगेच मोबाईल हातात नको, एकच ओवी घेऊन दोन मिनिटं गप्प बसा.