मुलांसोबत 'ओक्जा' बघायचा असेल तर

कोरियन दिग्दर्शक बाँग जून-होचा २०१७ चा 'ओक्जा' पोस्टरवरून लहान मुलांचा सिनेमा वाटतो, कोरियातल्या डोंगरातली मिजा नावाची मुलगी आणि तिची ती हत्तीएवढी डुकरीण ओक्जा, पण तसा तो नाहीये. अमेरिकेत त्याला टीव्ही-एमए, म्हणजे मोठ्यांसाठीचं, रेटिंग आहे, शिव्या भरपूर आहेत, त्यामुळे माझ्या मते तेरा-चौदाच्या आत नकोच. आणि आधी स्वतः एकट्याने बघा, हे प्लीज टाळू नका. लॅबमधला सीन, जिथे ओक्जावर जबरदस्ती होते आणि जिवंतपणीच तिच्या अंगातून मांसाचे नमुने काढतात, तो मोठ्यांनाही झेपत नाही. शेवटचा कत्तलखानाही तसाच. हे येणारे असं मुलांना आधीच सांगून ठेवा, नको वाटलं तर पुढे ढकलू म्हणावं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी किंवा दुपारी लावा, रात्री झोपायच्या आधी नको आणि जेवताना तर नकोच.

सुरुवातीचा डोंगरातला भाग घाई न करता बघू द्या, कारण ती मैत्री मनात बसली नाही तर पुढचं काहीच पोचत नाही. तिथेच एक गोष्ट लक्षात ठेवा, मिजा शाकाहारी नाहीये, ती मासे पकडते आणि घरी ते शिजतात. सिनेमा संपल्यावर गप्पा इथूनच सुरू करा, की मासा चालतो मग ओक्जा का नाही? आणि मुलांना उत्तर शोधायला वेळ द्या हो, आपण लगेच मध्ये बोलायला जातो. दुसरा प्रश्न शेवटाबद्दल. मिजा सोन्याचं डुक्कर देऊन ओक्जाला अक्षरशः विकत घेते, एक पिल्लू कसंबसं बाहेर येतं, बाकीचे सगळे कुंपणाच्या आतच राहतात. हे बरोबर झालं का, मिजा अजून काय करू शकली असती, हे विचारा. मूल रडलं तर रडू द्या, "अगं खोटं आहे ते, कंप्युटरवर केलंय" असं म्हणून विषय मिटवू नका, कारण ओक्जा खोटी असली तरी कत्तलखाने खरे आहेत आणि हे मुलांना कळतं.

मग कदाचित मूल म्हणेल, मी आता मांस खाणार नाही. हसू नका, "दोन दिवसांचं खूळ" तर अजिबात म्हणू नका. डाळी, कडधान्यं, दूध, अंडी यातून प्रोटीन मिळतं, ताटात तेवढं बघा. दूध-अंडीही सोडायची म्हणाला तर मात्र बी-१२ चं डॉक्टरांना विचारून घ्याच, ते गोळीतून किंवा बी-१२ घातलेल्या पदार्थांतूनच मिळवावं लागतं. आणि मूल म्हणालं की मी खाणारच, तर त्यालाही अपराधी वाटेल असं काही बोलू नका, ताटातलं कुठून आलं, ते जनावर कसं वाढवलं होतं एवढं विचारायची सवय लागली तरी खूप आहे. घरी आधीपासूनच शाकाहारी असाल तर एक सांभाळा, मांस खाणाऱ्या मित्रांना नावं ठेवायला मूल यातून शिकायला नको.