क्रॉस कंट्रीच्या संघटनेत काम करायला येताय? या चुका टाळा

पाऊस सरत आला की दोन-चार नवे चेहरे भेटायला येतात. "सर, संघटनेसाठी काहीतरी करायचंय." कुणी नाशिकच्या गंगापूर रोडला रोज पहाटे पळणारं असतं, कुणी स्वतःच्या मुलाला सरावाला आणता आणता यात ओढलं गेलेलं. सगळे मनापासून येतात, आणि बहुतेक जण त्याच त्या चुका करतात. बारा वर्षं हे काम करतोय, म्हणून स्पष्ट लिहितो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मार्ग स्वतःच्या पायांनी न पाहणं. मोबाइलच्या नकाशावर रेघ ओढली, मोटारसायकलवरून एक चक्कर मारली की झालं, असं नव्या माणसाला वाटतं. पण क्रॉस कंट्री म्हणजे मोकळ्या रानातून धावायची शर्यत, ती डांबरावर नसते. गवत, चढ, बांध आणि आपली काळी माती. उन्हात ती दगडासारखी लागते, एक सर पडली की पाय धरून ठेवते. गाडीवर बसून हे कळत नाही.

चार वर्षांपूर्वी मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या कडेने आम्ही निवड चाचणीचा मार्ग आखला होता. वळणांवर चुन्याची फक्की मारून खुणा करायचं काम एका हौशी नव्या कार्यकर्त्याकडे दिलं. संध्याकाळी त्याचा फोन आला, "सर, सगळं ओके." मी बघायला गेलो नाही. रात्री पाऊस झाला आणि सकाळी फक्कीचा मागमूस नव्हता. सोळा वर्षांखालच्या मुलींची 2 किलोमीटरची शर्यत सुटली. बागेच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायचं होतं, तिथे माणूसच नव्हता. सर्वांत पुढे असलेली सुरगाण्याकडची आश्रमशाळेतली मुलगी सरळ गेली, तिच्यामागे आणखी पाच जणी. शेडपर्यंत जाऊन परत फिरल्या, तोवर मागच्या मुली पोहोचल्या होत्या. त्या मुलीने तक्रार केली नाही. घोट्यापर्यंत चिखल, पायात काही नाही. चारही सेफ्टी पिना काढल्या, चेस्ट नंबरची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. तिचे सर एवढंच म्हणाले, "आता हिचं काय?" दोन तासांनी शर्यत पुन्हा घेतली. आधीच दमलेल्या पायांनी ती मागे पडली आणि तिची निवड हुकली. तो घडी घातलेला नंबर अजून माझ्या कपाटात आहे.

तेव्हापासून आदल्या दिवशी दुपारी पूर्ण मार्ग मी चालतो आणि शर्यतीच्या दिवशी उजाडताच पुन्हा एकदा. जागतिक नियमांत 1500 ते 2000 मीटरची फेरी आणि दोन्ही बाजूंना टेप सांगितली आहे, त्यामागे कारण आहे. फेरी लहान असली की थोड्या माणसांत सगळी वळणं राखता येतात. प्रत्येक वळणावर झेंडा घेतलेला एक माणूस हवाच, आणि ते वळण त्याने स्वतः पळून पाहिलेलं हवं. फक्की फक्त जोडीला.

दुसरी चूक पदाच्या घाईची. पहिल्याच वर्षी "मला सहसचिव करा" म्हणणारे मी बरेच पाहिले. नोंदणीकृत न्यासात, म्हणजे ट्रस्टमध्ये, कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, त्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. सभेची नोटीस, इतिवृत्त, सह्या, सगळं जोडायचं. एवढं करून तो माणूस सहा महिन्यांत गायब झाला की सह्यांपासून बँकेपर्यंत सगळं अडतं. म्हणून मी नव्या माणसाला पहिला पूर्ण मोसम वळणावर उभा करतो आणि नंबर वाटायच्या टेबलावर बसवतो. हे ज्याला कमीपणाचं वाटतं, त्याच्याकडे मी संस्थेचे कागद देत नाही.

प्रवेश फी स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी. 31 मार्चला हिशेब जुळवताना तुमच्या किराण्याच्या नोंदींतून संस्थेचे पैसे शोधावे लागतात.

पाहुण्यांसाठी शर्यत थांबवू नका. मुलं वॉर्म-अप करून उभी असतात, अंग गार पडतं, ऊन चढतं. बक्षीस द्यायला पाहुणे उशिरा आले तरी चालतात.

शेवटच्या रेषेवर निकालाची एकच वही ठेवू नका. दोन माणसं, दोन वह्या, एकमेकांकडे न बघता लिहायचं.

"बायकांचं अंतर कमी ठेवूया, थकतात," ही सूचना दरवर्षी कुणीतरी करतंच. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत 2017 पासून स्त्री-पुरुष दोघांनाही 10 किलोमीटर आहे. आणि हे नाशिक आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य आणलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. इथे ही सूचना मांडताना जरा विचार करावा.

यंदा यायचं असेल तर चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी या. जुने बूट घाला, पाण्याची बाटली आणा. आधी पूर्ण फेरी चालायची आहे.