इंदुरात नवीन घर आणि गृहकर्ज: फाइल नेमकी कुठे अडते

पुणे, नागपूर, जळगावकडून बदलीवर किंवा नोकरीसाठी इंदुरात आलेली मराठी कुटुंबं पहिल्या वर्ष-दीड वर्षातच घराचा विचार करू लागतात. भाव तिकडच्यापेक्षा बरे वाटतात, निपानिया-बिचोली मर्दाना-सुपर कॉरिडॉर भागात रोज नवीन पाट्या लागतात आणि बँकेचं मंजुरीपत्र तर आठवड्यात हातात येतं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

मंजुरीपत्र असतं ते तुमच्या पगारावर. पैसे सुटतात ते घराच्या कागदांवर. मंजुरीनंतर बँकेचा वकील सर्च रिपोर्ट (मालकीच्या कागदांची छाननी) करतो, तांत्रिक मूल्यांकनकार जागेवर जाऊन मोजमाप घेतो. नव्या घरांच्या बहुतेक फाइली इथेच परत येतात, आणि तोवर बयाणा बिल्डरकडे गेलेला असतो.

पगाराची बाजू थोडक्यात. तीन महिन्यांच्या पगारपावत्या, दोन वर्षांचे फॉर्म 16, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. व्यवसाय असेल तर तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. सिबिल साडेसातशेच्या वर असेल तर बोलणी सोपी जातात. सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यावर जाऊ नयेत, असा बँकांचा हिशेब असतो. हातात 80,000 येतात आणि गाडीचा हप्ता 10,000 आहे, तर घरासाठी 30,000 उरतात. साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षं मुदत धरली तर लाखाला सुमारे 868 रुपये हप्ता बसतो, म्हणजे कर्ज साडेचौतीस लाखांच्या आसपास. नवीन नोकरीचा प्रोबेशन काळ चालू असेल तर तो संपू द्या. कन्फर्मेशनचं पत्र फाइलला जोडलं की निम्मे प्रश्न मिटतात.

आता घराचे कागद. महाराष्ट्रातून आलेला माणूस सातबारा आणि इंडेक्स टू मागतो. इथे ते मिळणार नाहीत. इथे खसरा आणि बी-1 (जमिनीचे महसुली उतारे) बघायचे, जमिनीचं डायव्हर्शन, म्हणजे बिगरशेती, झालंय का ते बघायचं, मग नगर तथा ग्राम निवेश विभागाकडून (सगळे ‘टी अँड सीपी’ म्हणतात) मंजूर झालेला लेआउट, कॉलनीची विकास अनुमती आणि शेवटी नगर निगमची भवन अनुज्ञा, पास नकाशासकट. यातला एक कागद ‘येतोच आहे’ असं उत्तर मिळालं, तर तो येईपर्यंत बयाणा देऊ नका.

प्लॉट किंवा रो हाउस असेल तर एक प्रश्न लेखी विचारायचा: हा प्लॉट निगमकडे बंधक आहे का? मध्य प्रदेशात कॉलनी विकसित करणाऱ्याला रस्ते, ड्रेनेज, वीज ही कामं पुरी करण्याची हमी म्हणून ठरावीक प्लॉट, साधारण चौथा हिस्सा, गहाण ठेवावे लागतात. कामं पूर्ण झाली की ते मुक्त होतात. तोवर त्यांची विक्री करता येत नाही आणि बँक त्यांना हात लावत नाही. दलाल मात्र असा प्लॉट थोड्या कमी भावात, ‘दोन महिन्यांत सुटतोय’ म्हणून दाखवतो. बंधक प्लॉटांचे क्रमांक अनुमतीच्या कागदात असतात, ते तुमच्या क्रमांकाशी ताडून बघा.

दुसरा मोठा खड्डा म्हणजे तयार मकान. वीस बाय पन्नासच्या प्लॉटवर ठेकेदार घर बांधतो, टाइल्स आणि पीओपी चकचकीत असतं, किल्ली लगेच मिळते. नकाशा पास असतो तळमजला अधिक एक असा आणि जागेवर उभे असतात तीन मजले. मागची-पुढची मोकळी जागा, जिला इथे एमओएस म्हणतात, ती स्लॅबखाली गेलेली असते. मूल्यांकनकार पास नकाशा हातात धरून मोजतो. जादा बांधकामाची किंमत तो शून्य धरतो, विचलन मोठं असेल तर अहवालच प्रतिकूल देतो. ठरावीक मर्यादेपर्यंतचं जादा बांधकाम शुल्क भरून नियमित होतं, त्याला कंपाउंडिंग म्हणतात. ते विकणाऱ्याने रजिस्ट्रीपूर्वी करून द्यावं, तुम्ही नंतर निस्तरायचं नाही. टेप घेऊन स्वतः मोजायला अर्धा तास लागतो. मोजाच.

याचाच भाऊबंद म्हणजे सुदामानगरसारख्या जुन्या वस्तीत एका प्लॉटवर उठलेले चार फ्लॅट. नकाशा एका कुटुंबाच्या घराचा, विक्री मजल्यानुसार. अशा वेळी बँकेचा वकील मध्य प्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, 2000 (फ्लॅटमालकीचा कायदा) खालचं घोषणापत्र मागतो. ते नसेल तर तुमचा फ्लॅट कागदावर वेगळी मालमत्ता म्हणून सिद्ध होत नाही, आणि जे सिद्ध होत नाही ते गहाण कसं घेणार?

रेराचा (स्थावर संपदा कायद्याखालच्या नोंदणीचा) नंबर बघा, हे सगळेच सांगतात. पण 500 चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही, म्हणजे वरची दोन्ही प्रकारची घरं बहुधा तिच्या बाहेर राहतात. तिथे सगळी भिस्त नकाशा आणि रजिस्ट्रीच्या साखळीवर. मोठ्या प्रकल्पात मध्य प्रदेश रेराच्या संकेतस्थळावर जाऊन पूर्ण होण्याची तारीख आणि तिमाही प्रगती वाचा. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे रेरा कायद्याचं कलम 13. ‘डायरीवर’, म्हणजे रजिस्ट्रीऐवजी नुसत्या वहीतल्या नोंदीवर, सौदा करा असं कोणी सुचवलं तर उठून या. इंदुरात डायऱ्यांवर प्लॉट विकण्याची पद्धत जुनी आहे. त्या नोंदीला बँक पुरावा मानत नाही, म्हणून तिथे गेलेला पैसा तुमच्या स्वतःच्या वाट्यात धरलाच जात नाही.

बिल्डर म्हणेल, ‘आमचा प्रकल्प बँकेने आधीच मंजूर केलाय.’ कोणत्या बँकेने आणि कोणत्या ब्लॉकला, ते विचारा. पहिल्या दोन ब्लॉकना मंजुरी आणि तुमचा ब्लॉक चौथा, असं होतं. शिवाय त्याच जमिनीवर बिल्डरने बांधकाम कर्ज काढलं असेल तर त्या बँकेचं, तुमच्या फ्लॅटचा क्रमांक लिहिलेलं ना-हरकत पत्र लागतं. सरसकट पत्र चालत नाही. गहाणाची नोंद सरसाई या केंद्रीय गहाण-नोंदणी यंत्रणेच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून तपासता येते. इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनेतली जागा लीजवर असेल तर प्राधिकरणाची गहाणासाठीची परवानगी वेगळी लागते. गृहनिर्माण संस्थांच्या प्लॉटांबाबत बँका इथे जास्तच सावध असतात, कारण त्या वादांना दशकं झाली आहेत.

पैशांचं गणित बयाण्याआधी मांडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांत 80 टक्क्यांपर्यंत आणि त्यावर 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. घर दहा लाखांच्या वरचं असेल तर मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. मध्य प्रदेशात शहरी हद्दीत हा खर्च सगळे उपकर मिळून साधारण साडेबारा टक्के होतो. महाराष्ट्राच्या सवयीने सहा-सात टक्के धरून आलेल्यांची इथेच दमछाक होते. 50 लाखांचा, अजून पूर्ण न झालेला फ्लॅट घ्या. कर्ज 40 लाख. तुमचे 10 लाख, रजिस्ट्रीला सव्वासहा लाख, पाच टक्क्यांनी जीएसटी अडीच लाख. म्हणजे पावणेएकोणीस लाख रोख तयार हवेत, फर्निचर वेगळं. पूर्णता प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतलेल्या घराला जीएसटी लागत नाही. 45 लाखांपर्यंतचा आणि 90 चौरस मीटर कार्पेटपर्यंतचा फ्लॅट असेल तर जीएसटी एक टक्का. स्त्रीच्या नावे रजिस्ट्री असेल तर नोंदणी शुल्कात सवलत आहे. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा. तो बिल्डरच्या रकमेतून जातो, वेगळा खर्च नव्हे.

टक्केवारीच्या टप्प्यांत एक गंमत आहे. 36 लाखांच्या घरावर 30 लाख मिळू शकतात. अर्जात 31 लाख लिहिले तर 80 टक्क्यांचा टप्पा लागतो आणि मर्यादा 28 लाख 80 हजारांवर येते.

‘रजिस्ट्री गाइडलाइनवर (सरकारी किमान दरावर) करू, बाकी रोख’ हा प्रस्ताव इथे सर्रास येतो. बँक करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतला कमी आकडा धरते. 50 लाखांचं घर कागदावर 35चं झालं की कर्ज 30 लाखांच्या वर जात नाही, आणि रोख दिलेल्या रकमेची पावती कुठेच नसते.

बांधकाम चालू असेल तर कर्ज टप्प्याटप्प्याने सुटतं; पूर्ण रक्कम आधी देण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. बिल्डरचं मागणीपत्र 70 टक्क्यांचं येतं आणि मूल्यांकनकार काम 55 टक्के झालंय म्हणतो, तेव्हा मधल्या रकमेवर बिल्डर व्याज लावायला बघतो. म्हणून करारातले हप्ते तारखांना नव्हे, प्लिंथ, स्लॅब, प्लास्टर यांना बांधून घ्या. ताबा मिळेपर्यंत फक्त व्याज भरण्याची सोय सोपी वाटते, पण त्यात मुद्दल एक रुपयाही कमी होत नाही. घरभाडं सांभाळून झेपत असेल तर पूर्ण हप्ताच सुरू करा. विमा कर्जाला चिकटवून देतील, तो त्याच कंपनीचा घेण्याची सक्ती नाही.

बयाणा पावतीवर एक वाक्य लिहून घ्या: ‘बँकेच्या कायदेशीर अथवा तांत्रिक तपासणीत मालमत्ता नाकारली गेल्यास संपूर्ण बयाणा पंधरा दिवसांत परत केला जाईल.’ विकणारा कुरकुरला तर त्याला कागदांची खात्री नाही, असं खुशाल समजा.

रजिस्ट्री झाल्यावर मूळ कागद बँकेत जातात. जमा केलेल्या प्रत्येक कागदाची यादी शिक्क्यानिशी घ्या. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत ते परत करणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई. स्कॅन करून ठेवलेल्या प्रतीवर निगममध्ये नामांतरण, मालमत्ता कराचं खातं आणि विजेचा मीटर ही तिन्ही कामं लगेच उरकता येतात. मीटर अजून बिल्डरच्या तात्पुरत्या कनेक्शनवर असेल तर ताबा घेण्याआधी कायम करून मागा, कारण तात्पुरत्या जोडणीचा दर घरगुतीपेक्षा महाग पडतो.