वेबपानावर मराठी मजकूर बसवताना: कसोटीचा परिच्छेद, फॉन्टची पारख आणि हाताशी असावीत अशी साधने

वेबपानाचा आराखडा बहुधा लॅटिन लिपीतील नमुना-मजकुरावर तयार होतो आणि मराठी मजकूर त्यात अगदी शेवटी ओतला जातो. मग मथळ्यांवरच्या वेलांट्या कापल्या जातात, बटणांवरच्या शब्दांची शिरोरेघ तुटते, एखाद्या ओळीच्या टोकाला पोकळ ठिपक्यांचे वर्तुळ उगवते आणि या सगळ्याचा दोष फॉन्टच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा फॉन्ट निर्दोष असतो. चूक असते ती सीएसएसच्या (पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांच्या) दोन-चार ओळींत किंवा जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेतल्या एखाद्या घाईच्या आज्ञेत. म्हणून फॉन्टची यादी चाळायला बसण्यापूर्वी स्वतःचा एक कसोटीचा परिच्छेद तयार करावा आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर घासून पाहावा.

या परिच्छेदात सुबक वाक्यांची गरज नाही, अडचणीच्या शब्दांची आहे. ‘विठ्ठल’ आणि ‘उद्ध्वस्त’ या शब्दांत अक्षरे एकाखाली एक रचली जातात, त्यामुळे ओळीच्या खालची जागा पुरते की नाही हे कळते. ‘मूर्तींना’ या शब्दात रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर गर्दी करतात. ‘वाङ्मय’, ‘हृदय’, ‘वैशिष्ट्ये’ आणि ‘स्त्री’ या शब्दांवरून फॉन्टकडे जोडाक्षरांचा साठा किती आहे ते दिसते. ‘दऱ्या’ हा शब्द मराठीच्या खास अर्ध्या ‘र’साठी, ‘ॲप’ व ‘ऑक्टोबर’ हे चंद्रासाठी आणि ‘शाल’ हा एकच शब्द ‘श’ व ‘ल’ या दोन अक्षरांच्या वळणासाठी ठेवावा. जोडीला देवनागरी आकडे, रोमन आकडे आणि एखादा रोमन लिपीतला शब्द टाकला की परिच्छेद पुरा होतो.

भाषेची खूण

पानाच्या सर्वांत बाहेरच्या एचटीएमएल घटकावर ‘लँग’ या गुणधर्माची किंमत ‘एमआर’ (मराठीचा संकेत) अशी लिहिणे ही औपचारिकता नव्हे. मराठी आणि हिंदी यांची लिपी एक असली तरी ‘श’ आणि ‘ल’ यांची वळणे वेगळी आहेत. मराठीत देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ प्रमाण मानले जातात. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणे साठवलेली असतात आणि कोणते वापरायचे हे ओपनटाइप या फॉन्ट-स्वरूपातल्या ‘लोकल’ नावाच्या सोयीने, म्हणजे पानावर नोंदवलेल्या भाषेनुसार ठरते. खूण नसेल किंवा आराखड्यातून आलेली इंग्रजीची खूण तशीच राहिली असेल, तर ब्राउझर फॉन्टमधले मूळचे वळण उचलतो आणि ते अनेक फॉन्टांत हिंदीचे असते. खूण बदलून पान पुन्हा उघडावे आणि ‘शाल’ या शब्दाकडे पाहावे. काहीच बदलले नाही, तर फॉन्टमध्ये ती सोय नाही किंवा त्याचे मूळ वळणच मराठी आहे, असे समजावे. गूगल फॉन्ट्सवर मिळणारा ‘टिरो देवनागरी मराठी’ हा दुसऱ्या प्रकारातला आहे. हिंदी आणि संस्कृतसाठी त्याची वेगळी भावंडे आहेत.

एखाद्या फॉन्टच्या पोटात नेमके काय आहे हे पाहण्यासाठी ‘वाकामाई फॉन्ड्यू’ हे साधन वापरावे. नाव विचित्र वाटते खरे, पण ‘माझा फॉन्ट काय काय करू शकतो’ या अर्थाच्या इंग्रजी प्रश्नाचाच तो खेळकर उच्चार आहे. फॉन्टची फाइल त्यावर ओढून सोडली की कोणत्या भाषांसाठी, कोणत्या सोयी आहेत, हे समोर येते.

ओळ, शिरोरेघ आणि जाडी

लॅटिन मजकुरासाठी ठरवलेली १.२ किंवा १.३ ची ‘लाइन-हाइट’ (ओळीची उंची) देवनागरीला पुरत नाही. परिच्छेदांसाठी १.६ ते १.८ आणि मथळ्यांसाठी १.४ च्या आसपासची किंमत घेऊन सुरुवात करावी, ती एककाशिवाय लिहावी आणि मग ‘मूर्तींना’च्या ओळीखाली ‘विठ्ठल’ची ओळ येईल अशी मांडणी करून खात्री करून घ्यावी. अक्षरे कापली जाण्यामागे बऱ्याचदा ओळीची उंची एकटी नसते. चौकटीबाहेर जाणारा भाग लपवणारी ‘ओव्हरफ्लो’ची ‘हिडन’ ही किंमत आणि पिक्सेलमध्ये बांधून टाकलेली चौकटीची उंची तिच्या साथीला असतात. उंची मोकळी सोडून वर-खाली ‘पॅडिंग’ द्यावे.

‘लेटर-स्पेसिंग’ (अक्षरांमधले वाढीव अंतर) मात्र मराठी मजकुरातून पूर्णपणे हद्दपार करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लॅटिन अक्षरे सुटी असतात, ती थोडी लांब सरकली तरी शब्द शाबूत राहतो. देवनागरी शब्दाला शिरोरेघेने एकत्र बांधलेले असते आणि अंतर वाढताच तिच्यात फटी पडतात. तयार सीएसएस संचांमध्ये बटणे आणि छोट्या शीर्षकांसाठी मोठ्या लिपीचे रूपांतर व वाढीव अंतर ही जोडी सर्रास आढळते. देवनागरीत मोठी लिपी नसल्याने त्यातला पहिला नियम निष्प्रभ ठरतो आणि दुसरा तेवढा नुकसान करून जातो. ‘लँग’ या छद्म-वर्गाचा निवडक (भाषेनुसार घटक निवडणारा सीएसएस नियम) वापरून मराठीपुरते हे अंतर शून्यावर आणावे. मथळे घट्ट दिसावेत म्हणून दिलेले उणे अंतरही त्याच नियमात निकालात निघते.

ठळक अक्षरांची स्वतंत्र फाइल दिली नसेल तर ब्राउझर साधी अक्षरे स्वतःच जाड करतो आणि ‘ष’ किंवा ‘ङ’ यांची पोटे बुजतात. ‘फॉन्ट-सिंथेसिस’ची किंमत ‘नन’ ठेवली की हा उपद्व्याप थांबतो आणि कोणती फाइल राहून गेली आहे तेही उघड होते. तिरप्या अक्षरांची परंपरा देवनागरीत नाही. भर द्यायचा असेल तर जाडी बदलावी.

फाइल लहान करताना

देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे चिन्हे पुष्कळ असतात आणि फाइल जड होते. ‘वॉफ-२’ हे स्वरूप ब्रॉटली संकोचन वापरते, त्यामुळे वेबसाठी तेच द्यावे. त्यापुढे फाइल छाटायची असेल तर पायथॉनच्या ‘फॉन्टटूल्स’ संचातील ‘पायएफटीसबसेट’ हे साधन विश्वासाचे आहे. छाटणी करताना युनिकोडमधला (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीतला) ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा पूर्ण ठेवावा आणि त्याबाहेरची २००सी व २००डी ही दोन अदृश्य जोडचिन्हे, तसेच २५सीसी हे ठिपक्यांचे वर्तुळ आठवणीने राखावे. वापरात असलेली अक्षरे मोजून तेवढीच ठेवण्याची युक्ती लॅटिनमध्ये चालते, पण इथे ती टाळावी. ‘युनिकोड-रेंज’ (कोणत्या अक्षरांसाठी कोणती फाइल हे सांगणारी नोंद) वापरून लॅटिन आणि देवनागरी यांच्या फाइली वेगळ्या करणे योग्य आहे. देवनागरीचेच तुकडे करू नयेत, कारण जोडाक्षराचे घटक दोन फाइलींत विभागले गेले तर ते जुळतच नाहीत.

फाइल येईपर्यंत ‘फॉन्ट-डिस्प्ले’ची ‘स्वॅप’ ही किंमत यंत्रावरचा देवनागरी फॉन्ट दाखवते. विंडोजवर तो निर्मला यूआय असतो, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी. या फॉन्टांची मापे वेगळी असल्याने मूळ फॉन्ट येताच ओळी हलतात. पर्यायी फॉन्टच्या घोषणेत ‘साइज-ॲडजस्ट’ आणि ‘असेंट-ओव्हरराइड’ यांच्या किमती जुळवल्यास हा धक्का बराच कमी होतो.

संगणकाचे अक्षर आणि आपले अक्षर

‘स्त्री’ हे वाचणाऱ्याच्या दृष्टीने एक अक्षर आहे. जावास्क्रिप्टच्या ‘लेंग्थ’नुसार त्याची लांबी ६ भरते, कारण स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा एकके तिथे साठवलेली असतात. त्यामुळे मजकुराचे पहिले ५० घटक कापून पुढे तीन टिंबे जोडणारी आज्ञा कधी हलन्तावर थांबते, तर कधी जोडाक्षराचे दोन तुकडे करते, आणि उरलेला भाग वेलांटीपासून सुरू झाला तर ते ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. कापणी केवळ दिसण्यापुरती असेल तर ती सीएसएसच्या ‘टेक्स्ट-ओव्हरफ्लो’वर सोपवावी. अक्षरे खरोखरच मोजायची किंवा सुटी करायची असतील तर जावास्क्रिप्टमधला ‘इंटल.सेगमेंटर’ वापरावा. जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या २०२३ सालच्या आवृत्तीत आला. तो नसलेल्या जुन्या ब्राउझरमध्ये ‘स्त्री’चे तीन तुकडे होतात, हे ध्यानात ठेवावे.

मजकुरात नमुना शोधणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘बॅकस्लॅश-डब्ल्यू’ला देवनागरी अक्षरे दिसत नाहीत आणि ‘बॅकस्लॅश-डी’ला देवनागरी आकडे दिसत नाहीत. युनिकोडचा झेंडा (‘फ्लॅग’) लावून अक्षरांचा ‘एल’ हा वर्ग वापरला तरी काम अर्धेच होते, कारण काना, मात्रा आणि वेलांट्या ‘एम’ या वेगळ्या वर्गात मोडतात. पानाचा पत्ता तयार करताना फक्त ‘एल’ ठेवून बाकीचे गाळले की ‘मराठी’चे ‘मरठ’ होते. दोन्ही वर्ग एकत्र घ्यावेत. आकड्यांसाठी ‘इंटल.नंबरफॉरमॅट’ला मराठीची खूण दिली की १२,३४,५६७ असे लाख-हजारांचे गट आणि देवनागरी अंक आपोआप मिळतात. उलट दिशेने मात्र ‘नंबर’ला देवनागरी अंक दिल्यास ‘नॅन’ (‘ही संख्या नव्हे’) हाती येते, म्हणून अर्जात भरलेले आकडे आधी स्वतः बदलून घ्यावेत.

सर्वांत फसवा भाग आहे एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या दोन लेखनांचा. ‘ऱ’ हे ०९३१ या एकाच स्थानावर आहे आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही ते लिहिता येते, ही दोन रूपे ‘नॉर्मलाइझ’ या आज्ञेने एक होतात. ‘ॲ’ला ०९७२ हे स्वतंत्र स्थान आहे, पण जुन्या मजकुरात ‘अ’ला चंद्र जोडून तो लिहिलेला असतो आणि या दोघांना युनिकोड समान मानत नाही, त्यामुळे ती अदलाबदल स्वतःच्या कोडमध्ये करावी लागते. अर्ध्या ‘र’चेही तसेच आहे. ‘दऱ्या’ हा शब्द ‘ऱ’ वापरून लिहिता येतो, तसाच साधा ‘र’, हलन्त आणि २००डी हे अदृश्य जोडचिन्ह वापरूनही लिहिता येतो. एका प्रकल्पात अर्जातून आलेल्या मजकुराची सफाई करणारी आज्ञा सगळी अदृश्य चिन्हे पुसून टाकत होती आणि डोंगरातल्या दऱ्यांचा थेट ‘दर्या’ होत होता. पानावर समुद्र कुठून आला हे शोधण्यात माझी एक संपूर्ण दुपार गेली. व्हीएस कोड या कोड-संपादकात अदृश्य चिन्हे ठळक करण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. संशयास्पद शब्द रिचर्ड इशिदा यांच्या ‘युनिव्ह्यू’ या साधनात चिकटवला की एकेक चिन्ह नावासकट सुटे दिसते.

ब्राउझरने काय रेखाटले ते पाहणे

सीएसएसमध्ये लिहिलेला फॉन्ट आणि पडद्यावर उतरलेला फॉन्ट एकच असेल असे गृहीत धरू नये. क्रोमच्या विकसक-साधनांत घटक निवडून ‘कम्प्यूटेड’ विभागाच्या तळाशी गेले की कोणत्या फॉन्टची किती चिन्हे प्रत्यक्ष वापरली गेली ते दिसते. मराठी परिच्छेदात दोन-तीनच चिन्हे भलत्या फॉन्टची निघाली तर ती बहुधा ‘ॲ’ किंवा ‘ऱ’ असतात. फायरफॉक्सच्या ‘फॉन्ट्स’ विभागात फॉन्टच्या नावावर माउस नेला की त्यातला मजकूर पानावर उजळतो, आणि व्हेरिएबल फॉन्टची (एकाच फाइलीत अनेक जाड्या असलेल्या फॉन्टची) जाडी तिथेच सरकपट्टीने बदलून पाहता येते. आपल्या यंत्रावर तोच फॉन्ट आधीपासून बसवलेला असेल तर सगळे सुरळीत असल्याचा भास होतो, म्हणून क्रोमच्या ‘रेंडरिंग’ विभागातून स्थानिक फॉन्ट बंद करून पान एकदा तरी पाहावे.

शेवटी कसोटीच्या परिच्छेदाचे स्वतंत्र पान करून ते ‘प्लेराइट’च्या चित्र-तुलनेला जोडावे. हे साधन क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट या तिन्ही इंजिनांत पान उघडून चित्र घेते आणि आधीच्या चित्राशी ताडून पाहते, त्यामुळे कुणी सहज म्हणून ‘लेटर-स्पेसिंग’ परत आणले तरी चाचणी अडते. पहिल्या फेरीत चित्रांमध्ये अक्षरांऐवजी नुसत्या चौकटी दिसल्या तर चाचणी चालवणाऱ्या लिनक्स यंत्रावर देवनागरी फॉन्टच नाही असे समजावे आणि नोटो फॉन्टांचे पॅकेज बसवून घ्यावे. या चौकटींना विकसक ‘टोफू’ म्हणतात आणि ‘नो टोफू’ या शब्दांवरूनच नोटोचे नाव पडले आहे.