फ्रायबुर्गच्या मित्रांकडे शनिवार-रविवार कसा घालवावा

ऑफिसच्या कामासाठी काही महिने फ्रँकफर्टला आलेली आपली माणसं दोन दिवस सुट्टी दिसली की पॅरिस, प्राग, ॲमस्टरडॅमची यादी काढून बसतात. मी सांगेन, जर्मनीच्या नैर्ऋत्येला ब्लॅक फॉरेस्ट या जंगली डोंगराळ भागाच्या बाजूला कोणी ओळखीचं राहत असेल तर आधी त्यांच्याकडे जा. माझी जुनी सहकारी आणि तिचा नवरा तिथल्या फ्रायबुर्ग शहराचे. दोघांचंही लहानपण त्याच पट्ट्यात गेलं. त्यांच्याकडे जाऊन राहते, त्या अनुभवावर हे लिहिते आहे.

आधी फोन करून एकच विचारा: "तुमचा शनिवार-रविवार एरवी कसा जातो?" त्यांच्या उत्तरात स्वतःला बसवून घ्या. तुमच्या मनात एखादं ठिकाण असेल तर ते सांगा, पण एकच. दिवसाला एकाहून जास्त मोठी गोष्ट ठरवली की यजमान ड्रायव्हर होतात आणि गप्पा गाडीच्या काचेतूनच होतात.

फ्रँकफर्ट विमानतळाच्या लांब पल्ल्याच्या स्टेशनवरून फ्रायबुर्गला थेट आयसीई, म्हणजे वेगवान गाडी आहे, साधारण दोन तासांची. स्वस्तातलं तिकीट त्याच ठरावीक गाडीला चालतं, आणि जागेचं आरक्षण वेगळं करावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी जाणार असाल तर ते कराच. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड अगदी शेजारी आहेत, आणि सरहद्दीवर कागद तपासले जातात.

भारतातून काय न्यावं, हे सगळ्यांना विचारावंसं वाटतं. पेढे, बर्फी, तूप, श्रीखंड नको: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला मनाई आहे. हापूसची पेटीही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. गोडा मसाला, चहा, बाकरवडी, पोह्यांचा चिवडा खुशाल न्या. सगळ्यात चांगली भेट म्हणजे एका वेळचं जेवण आपण रांधणं. माझ्या हातची मुगाची खिचडी आणि टोमॅटोचं सार तिथे हक्काने मागून घेतात. मात्र सामान शनिवारीच आणून ठेवा. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. बेकऱ्या काही तास उघडतात, तेवढाच आधार.

शनिवारी सकाळी बाजारात जायचं. म्युन्स्टर म्हणजे इथलं मोठं चर्च, त्याच्या भोवतीच्या चौकात सोमवार ते शनिवार बाजार भरतो आणि दुपारी उठतो. उत्तरेच्या बाजूला आसपासच्या गावांतले शेतकरी आपला माल घेऊन बसतात, तिथूनच भाजी घ्या. दक्षिणेला फुलं, मसाले, लाकडी वस्तू. खरेदी यजमानांना करू द्या, पिशवी तुम्ही धरा. कुठल्या आजींकडचे बटाटे चांगले, हे त्यांनाच ठाऊक असतं. मांसाहार करत असाल तर पावातून बाहेर डोकावणारं 'लांगे रोटे' हे लांबलचक सॉसेज उभ्याउभ्याच खायचं. विक्रेता "कांद्यासह की कांद्याशिवाय?" एवढंच विचारतो. कांद्यासह म्हणा.

मग चर्चच्या मनोऱ्याखालच्या दाराशी थांबा. मनोरा 116 मीटर उंच आहे, सगळे मान वर करून तोच बघतात. तुम्ही दाराजवळच्या भिंतीकडे बघा. दगडात गोल आणि लांबट आकार कोरलेले आहेत, शेजारी 1270, 1317, 1320 ही सालं. ती पावाची मापं आहेत. बाजारात घेतलेला पाव ठरलेल्या आकाराचा आहे का, हे गिऱ्हाइकाला इथे ताडून बघता यायचं. धान्याचं माप आणि कापड मोजायचा हातही तिथेच आहे. बोटाने ती रेघ गिरवून बघा. मला तरी मनोऱ्यापेक्षा ही भिंत जास्त आवडते. 27 नोव्हेंबर 1944 च्या बॉम्बहल्ल्यात भोवतालचं जुनं गाव बहुतेक जमीनदोस्त झालं, चर्च मात्र उभं राहिलं. यजमानांच्या घरात त्या रात्रीच्या आठवणी असू शकतात. त्यांनी विषय काढला तर ऐका, आपण होऊन खोदून विचारू नका.

गल्ल्यांतून चालताना पायाशी लक्ष ठेवा. रस्त्याकडेने द्रायझाम नदीच्या पाण्याचे अरुंद पाट वाहतात, त्यांना 'बेख्ले' म्हणतात. चुकून पाय पडला तर फ्रायबुर्गच्या माणसाशी लग्न होतं, असं इथे म्हणतात. आणि एक: या लोकांना 'श्वाबेन', म्हणजे शेजारच्या श्वाबिया भागातले, म्हणू नका. ते बाडेन या भागाचे आहेत, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे.

दुपारी झोपा. खरंच.

संध्याकाळी लोकल गाडीने ईरिंगनला जा, ब्रायझाखच्या दिशेला. हा कायझरश्टूलचा भाग, जुन्या ज्वालामुखीची टेकडी, वर वाऱ्याने आणून टाकलेल्या पिवळ्या मातीचा जाड थर. त्या मातीत शतकानुशतकं गाड्या-बैलांनी खोल वाटा पडल्या आहेत, दोन्हीकडची भिंत डोक्याच्या वर जाते. मे ते ऑगस्टमध्ये गेलात तर भिंतीतली भोकं नीट बघा: आपल्या वेड्या राघूचा रंगीबेरंगी युरोपी भाऊबंद तिथे घरटं करतो. फिरून झालं की एखाद्या द्राक्षबागायतदाराच्या 'श्ट्राउसी'त जेवा. वर्षातले काही महिनेच उघडणारी ही घरगुती खानावळ, दाराशी झाडू किंवा डहाळ्यांची जुडी टांगलेली दिसली की चालू आहे असं समजायचं. बाकावर अनोळखी लोकांच्या शेजारी बसायचं असतं, लाजू नका. रोख पैसे जवळ असू द्या. शाकाहारी असाल तर फ्लामकूखन, म्हणजे क्रीम, कांदा आणि बेकन घालून भाजलेली पातळ पोळी, बेकनशिवाय मागा.

रविवारी शाउइन्सलांड. 1284 मीटरचा हा डोंगर शहराला लागूनच आहे. ट्राम, मग बस, मग 1930 पासून चालू असलेली केबल कार. साडेतीन किलोमीटरहून लांब आहे ती, वर पोचायला वीसेक मिनिटं. वर वाऱ्याने एका बाजूला वाकवलेली बीचची झाडं आहेत. हिवाळ्यात ऱ्हाईनच्या खोऱ्यात धुकं भरलेलं असतं तेव्हाच वर स्वच्छ ऊन आणि दूरवर आल्प्स दिसण्याची शक्यता असते, म्हणून खाली मळभ बघून बेत रद्द करू नका. जाड जाकीट घ्या. टिटिझे तलाव प्रसिद्ध आहे, पण सुट्टीच्या रविवारी तिथे दुकानांपुढेच गर्दी असते. मला शाउइन्सलांडच बरा वाटतो.

घरी परतल्यावर रविवारची शांतता पाळा. वॉशिंग मशीन लावायचं तर आधी विचारा, रिकाम्या काचेच्या बाटल्या डब्यात टाकायला जाऊ नका. निघताना पलंगावरची चादर काढून घडी करून ठेवा.

परतीची गाडी संध्याकाळी उशिराची घ्या, म्हणजे चार वाजताचा केक-कॉफीचा वेळ हातचा जात नाही. तेव्हाच पुढच्या खेपेचं बोलून ठेवा: पांढरा श्पार्गेल (शतावरीचे कोंब, ॲस्परॅगस) खायचा तर 24 जूनच्या आत या, त्यानंतर त्याची काढणी थांबते, नवी, अजून आंबत असलेली वाईन आणि कांद्याचा केक हवा तर सप्टेंबर-ऑक्टोबर. त्या वाईनची बाटली फ्रँकफर्टला नेणार असाल तर आडवी ठेवू नका. आत वायू तयार होत असतो, म्हणून झाकण घट्ट बसवलेलं नसतं.