झेंडूच्या ढिगाऱ्यावर गेम थिअरी कशी लावायची

गेम थिअरी, म्हणजे आपला फायदा समोरच्याच्या चालीवरही ठरतो तेव्हा काय करावं याचा हिशोब, म्हटलं की लोकांना वाटतं हे गणितवाल्यांचं काम, पण सुरुवातीला वहीचं एक पान आणि चार खणांचा चौकोन पुरतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरला शेजारी शेजारी झेंडू मांडून बसलेले दोघं घ्या, दोघांचा रेट 100 रुपये किलो (आकडे माझेच आहेत, हिशोब सोपा जावा म्हणून).

आधी खेळाडू कोण ते लिहा, मग प्रत्येकाच्या हातात काय आहे ते. इथे दोनच गोष्टी आहेत, रेट 100 वर धरायचा नाहीतर 80 ला पाडायचा. आता खण भरा. दोघांनी धरला तर प्रत्येकी 20 किलो जातो, म्हणजे 2000-2000. एकानेच पाडला तर गिऱ्हाईक तिकडे वळतं, त्याचा 30 किलो खपून 2400 होतात आणि शेजारचा 5 किलोचे 500 घेऊन माशा मारत बसतो. दोघांनी पाडला तर 20-20 किलोच, पण 1600-1600.

मग समोरच्याची एकेक चाल धरून बघा. तो धरतोय? मी पाडला तर 2400, धरला तर 2000, म्हणजे पाडा. तो पाडतोय? 1600 की 500, परत पाडाच. दोघंही हाच हिशोब करतात आणि हातातले 2000 सोडून 1600 वर येतात, आणि तिथून एकट्याने परत वर जायची सोय नाही कारण एकटा 100 वर गेला की 500. जिथून एकट्याने हलण्यात फायदा नाही त्या जागेला नॅश इक्विलिब्रियम म्हणतात, गणितज्ञ जॉन नॅशने 1950 मध्ये मांडलेलं.

बरेच जण इथेच वही मिटतात, पण खरी गंमत पुढच्या प्रश्नात आहे: उद्या परत गाठ पडणार का? राज्यशास्त्राचा अभ्यासक रॉबर्ट ॲक्सलरॉडने 1980 च्या सुमारास कॉम्प्युटर प्रोग्रॅम्सची स्पर्धा लावली, असाच पेच पण जोडीजोडीने 200 वेळा खेळायचा, आणि त्यात जिंकला अनातोल रॅपोपोर्टचा सगळ्यात छोटा प्रोग्रॅम: पहिल्यांदा सांभाळून घ्या, पुढे समोरच्याने मागच्या खेपेला जे केलं तेच करा. आपल्याकडे त्याला जशास तसे म्हणतात. म्हणून मंडईत वर्षभर शेजारी बसणारे सहसा एकमेकांचा रेट पाडत नाहीत, आणि दसऱ्यापुरते आलेले बिनधास्त पाडतात.

सगळेच खेळ असे भांडणाचे नसतात हां. स्टेशनवर चुकामूक झाली की दोघंही न ठरवता इंडिकेटरखाली जाऊन उभे राहतात, तोही खेळच.

आणि गिऱ्हाईकाला खेळाडू म्हणून धरायला विसरू नका. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत थांबलं तर तोच झेंडू मातीमोल भावात मिळतो, कारण उरलेला माल परत न्यायला टेम्पोचं भाडं परवडत नाही. हे सगळं माहीत असूनही मी दरवर्षी आदल्या रात्री महागच घेतो, कारण तोरण सकाळी लागलं पाहिजे असं आईचं म्हणणं, आणि तो खेळाडू माझ्या चौकोनात बसत नाही.